उघड्या झडपा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मी कुणाचा हात धरलेला नाही. माझ्या सख्ख्या आईला अजून पटलेली नाही, तिथे तुम्हाला काय म्हणणार.

आणि हो, आधीच सांगते. अमावस्या, मध्यरात्र, पांढरी साडी, असलं यात काही नाही.

हे सकाळी यायचं.

उजाडायच्या सुमाराला. कामावर यावं तसं.

मी केतकी, मूळची विट्याची. दूध आणि चीजचं शिक्षण घ्यायला फ्रान्समध्ये आले ती ओरियाकला. पॅरिस म्हटलं की नातेवाइकांचे डोळे चमकतात. ओरियाक म्हटलं की पॅरिसवालेच विचारतात, हे कुठं आलं? डोंगर, गाई, पाऊस. रविवारी दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी आता इथलीच झालेय, पण ही गोष्ट माझ्या पहिल्या हिवाळ्यातली आहे.

वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. मग मादाम मारिनेतकडे खोली मिळाली. ऐंशी ओलांडलेली विधवा बाई, मूलबाळ नाही, दुमजली दगडी घर. भाड्याऐवजी मी संध्याकाळी घरी असायचं, बाजारातून जड पिशव्या आणायच्या आणि झडपा बघायच्या. इथे बऱ्याच एकट्या म्हाताऱ्यांकडे असे विद्यार्थी राहतात.

झडपा म्हणजे खिडक्यांना बाहेरून असतात त्या लाकडी. अंधार पडला की लावायच्या, उजाडलं की उघडायच्या. मादामचा उजवा खांदा निकामी होता, त्यांना लोखंडी अडसर उचलवायचा नाही. मी तो उचलायचे, झडपा बाहेर ढकलायचे, त्या भिंतीवर आपटायच्या. मग भिंतीतली छोटी लोखंडी बाहुली वर करायची, म्हणजे वाऱ्याने झडप परत मिटत नाही.

करर्र… धप्… टिक.

हा आवाज लक्षात ठेवा.

आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मी दहापर्यंत ताणून दिली. दारावरची घंटा अशी वाजायला लागली, जशी काही आग लागलीय. दार उघडलं तर समोर घरातल्या सपातांवर भिजलेला एक म्हातारा. समोरच्या घरातले मस्यू देल्मास. छत्र्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि स्वतः छत्री न घेता आलेले.

"मारिनेत जिवंत आहे का?"

"आहेत की. आत ब्रेड खातायत."

"मग झडपा का बंद? माझं काळीज तोंडात आलं इथे. तुमच्या देशात शेजारी मेला की जगला, कसं कळतं?"

"आमच्याकडे शेजारी आमच्याच घरात बसलेला असतो, मस्यू. वेगळं कळायची गरज पडत नाही."

ते फुस्सकन हसले आणि कॉफी प्यायला आत आले. तेव्हापासून आमचं जमलं.

मादामनी त्या दिवशी मला नीट समजावलं. "हे बघ पोरी, मला मरायची भीती नाही. निम्मी तर मेलेलीच आहे. मला भीती आहे ती पडून राहायची. फरशीवर पडलेय, हाक जात नाही, आणि कुणाला पत्ताच नाही. मागच्या गल्लीतली ओगुस्तीन तशीच गेली. वास आला तेव्हा कळलं."

"असं बोलू नका हो."

"बोलते म्हणून तर शांत झोपते. या गल्लीत तसं होणार नाही. सकाळी झडपा उघडल्या नाहीत तर देल्मास येतो. संध्याकाळी लागल्या नाहीत तरी येतो. तो शिव्या देत येईल, पण येईल."

अख्खी गल्ली अशीच एकमेकांच्या झडपा वाचायची. कुणी कुणाला फोन करत नसे. झडपा उघड्या म्हणजे माणूस ठीक.

स्वयंपाकघरात त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. लुसियँ. जाड मिशा, डोक्यावर चपटी टोपी.

"यांना घरातली दोनच कामं यायची," मादाम सांगायच्या. "झडपा आणि सकाळची कॉफी. बाकी अंडं उकडायला सांगितलं तर पाणी करपवतील. पण एक सांगते. लग्न झाल्यापासून मी अंधारात कधी डोळे उघडले नाहीत. मी उठायच्या आधी उजेड असायचा आणि हाताशी कॉफीचा वाडगा."

हे सांगताना त्या हसायच्या. मग उगाच टेबल पुसत बसायच्या. माझे आजोबा गेल्यावर आजीही अशीच काहीतरी पुसत बसायची, म्हणून मी तिथून उठायची नाही.

नोव्हेंबरात मला तापाने गाठलं. असा ताप की उशीवरून मान उचलेना. सकाळी अर्धवट जाग आली. डोक्यात एकच, झडपा राहिल्या, आता देल्मास बोंबलत येतील.

उठायला गेले आणि खालून आवाज आला…

करर्र… धप्… टिक.

मग जेवणाच्या खोलीतून…

करर्र… धप्… टिक.

मला वाटलं मादामनीच कसंबसं केलं. जीव चुटपुटला. शाल गुंडाळून खाली गेले. मादाम त्याच वेळी आपल्या खोलीतून काठी टेकत बाहेर येत होत्या.

"आजारी असून कशाला उठलीस? झडपा राहिल्या असत्या एक दिवस," त्या मला म्हणाल्या.

"मी नाही उघडल्या. तुम्ही…"

"या खांद्याने?"

स्वयंपाकघरात लख्ख उजेड होता. टेबलावर मादामच्या जागेवर वाडगा होता.

वाफ निघत होती…

मी कॉफी पीत नाही. मला त्यांची कॉफीची किटली लावताही येत नव्हती.

मादाम खुर्चीत बसल्या. दोन्ही हातांनी वाडगा धरला, वास घेतला.

"इतकी कडू तेच करायचे," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घाबरलीस?"

"हो."

"मी पण. पण गार होऊ देऊ नये, त्यांना राग येतो."

आणि त्यांनी ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. रडत रडत प्यायली. मी शेजारी बसून होते. खरं सांगते, भीती होतीच, पण त्या बाईच्या तोंडावरचा आनंद बघून मला पळून जावंसं वाटलं नाही.

पुढे तसं काही झालं नाही. मी बरी झाले, झडपा मीच उघडायला लागले. मादाम मात्र रोज टेबलाकडे एक नजर टाकायच्या. वाडगा नाही बघून रेडिओ मोठा करायच्या.

नाताळची सुट्टी आली. माझ्या वर्गातली आवा, सेनेगलची, तुलूझला मावशीकडे चालली होती. मलाही ओढत होती. मी नाही म्हणत होते. मादामनीच मला घराबाहेर काढलं म्हणा ना.

"तरुण पोरगी नाताळला म्हातारीचं सूप ढवळत बसणार? जा. मी या दिवसांत झोपाच काढते."

"झडपा?"

"देल्मास येऊन उघडेल-लावेल म्हणालाय. आणि राजांच्या केकला परत ये म्हणजे झालं. टेबलाखाली बसायला कुणीतरी लहान लागतं."

जानेवारी उजाडला की इथे तो बदामाचा केक घरोघरी कापतात. घरातल्या धाकट्याने टेबलाखाली बसायचं आणि कुठला तुकडा कुणाला ते ओरडून सांगायचं. एक तुकडा न आलेल्या माणसासाठी ठेवायचा. ज्याच्या तुकड्यात इवलीशी मूर्ती निघेल तो राजा.

"मी टेबलाखाली बसले तर उठवायला बंबवाले बोलवावे लागतील," मादाम म्हणाल्या. इथे कुणी पडलं-झडलं की बंबवालेच येतात. आम्ही दोघी खूप हसलो.

हे हसणं मला अजून छळतं.

तुलूझला मजेत गेले दिवस. नवीन वर्षानंतर मी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मादामना ऐकू कमी यायचं, असं पुष्कळदा व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मनात पाल चुकचुकली. मग मस्यू देल्मासना लावला.

"मारिनेत? मजेत आहे म्हातारी," ते म्हणाले. "झडपा उघड्यात."

"तुम्ही उघडताय ना?"

"सुरुवातीला जायचो. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, तर मी रस्ता ओलांडायच्या आतच उघड्या. म्हटलं, खांदा सुधारला वाटतं बाईचा. तेव्हापासून रोज माझ्या आधी उघडते. संध्याकाळी वेळेवर लावते. मला तर हातच लावू देत नाही. मानी बाई."

"आत जाऊन बघाल का जरा?"

"अगं, उघड्यात म्हणतोय ना. सांगू तिला की इंडियाला काळजी लागलीय?"

आम्ही दोघेही हसलो. मी निर्धास्त झाले. ही गल्ली झडपांवर चालते, मला ते तोवर पाठ झालं होतं.

रविवारी दुपारी मी परतले. स्टेशनजवळच्या बेकरीतून राजांचा केक घेतला. गल्लीच्या तोंडाशीच मान वर करून पाहिलं. झडपा सगळ्या उघड्या. काचांवर हिवाळ्यातलं फिकट ऊन. मला इतकं बरं वाटलं की मी चालही कमी केली, केक हलू नये म्हणून.

किल्लीने दार उघडलं.

"मादाम, मी आले. धाकटी आली."

घरात गारठा होता…

रेडिओ बंद. त्या बाईचा रेडिओ कधी बंद नसायचा.

घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही. किल्ली द्यायला कुणी उठलंच नव्हतं.

स्वयंपाकघराचं दार ढकललं.

मादाम फरशीवर होत्या. कुशीवर, खिडकीकडे तोंड करून. टेबलावरचं कापड ओढून त्यांनी अंगावर घेतलं होतं. डोळे उघडे होते आणि उजेडाकडे होते.

आणि त्यांच्या हाताशी…

वाडगे होते.

एक नाही. फडताळात होते तेवढे. चेहऱ्याजवळ एक, त्याच्यामागे एक, त्याच्यामागे आणखी एक, ओळीने. सगळे कॉफीने काठोकाठ भरलेले. लांबच्यांवर साय धरावी तशी बुरशी धरलेली.

सगळ्यांत जवळचा वाडगा…

कोमट होता.

मी त्याला हात लावला आहे. माझ्या हाताने. म्हणून मला कुणी शिकवू नये.

मस्यू देल्मासना मी कशी हाक मारली आठवत नाही. ते सपातांवर धावत आले, पहिल्या दिवसासारखेच. दारात उभे राहिले आणि भिंतीला धरून खाली बसले.

"उघड्या होत्या गं," ते म्हणाले. "रोज सकाळी. मी कॉफी पिता पिता बघायचो. संध्याकाळी लागायच्या. मी रोज बघितल्यात."

"हो मस्यू. मीही आत्ता बघितल्या."

"बंद दिसल्या असत्या तर मी आलो असतो. दार तोडून आलो असतो. तुला माहितीये ना, मी आलो असतो?"

"माहितीये."

"उघड्या होत्या गं."

बंबवाले आले, मागोमाग डॉक्टर. मांडीचं हाड मोडलं होतं. नव्या वर्षाच्या पहिल्याच रात्री पडल्या असाव्यात, डॉक्टर म्हणाले. लगेच गेलेल्या नाहीत.

"म्हणजे?" मी विचारलं.

"एखादा दिवस होत्या. कदाचित दोन."

"कुणी आलं असतं तर?"

त्यांनी बॅग बंद केली.

वाडग्यांबद्दल ते म्हणाले, म्हातारी माणसं विसरतात, करून ठेवली असेल कॉफी. मोडलेल्या मांडीने? त्या खांद्याने? आणि गेल्यानंतर झडपा कोण उघडत होतं? बंबवाल्यांतला एक पोक्त माणूस तेवढा माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानेही नजर काढून घेतली.

काय झालं असेल ते मला त्या संध्याकाळीच कळलं. केकचं खोकं मांडीवर घेऊन मी देल्मासांच्या स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हा.

बायको अंधारात पडलेली बघून लुसियँकाकांनी झडपा उघडल्या. तिला उजेड हवा म्हणून. ती उठत नाही म्हणून कॉफी खाली आणून ठेवली. तिने घेतली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी ठेवली.

तिला उचलता येत नव्हतं त्यांना. हाक मारता येत नव्हती. दोनच कामं यायची, ती त्यांनी केली. मन लावून केली.

आणि त्यांनी झडपा उघडल्या म्हणूनच कुणी आलं नाही.

ज्या एका गोष्टीला ती बाई घाबरायची, ती तिच्या वाट्याला आली ती तिच्या नवऱ्याच्या मायेने. मी तेव्हा जी रडले, ती आवाने येऊन मला घेऊन जाईपर्यंत रडतच होते. मला काकांचा राग आला होता. आणि राग धरवतही नव्हता.

मादामना लुसियँशेजारी पुरलं. पाऊस होता. देल्मास त्या दिवशी छत्री घेऊन आले आणि उघडलीच नाही.

मी नदीपलीकडे एक खोली घेतली. घराला कुलूप लागलं. क्लेर्माँ शहरात राहणारी मादामची भाची घर विकणार होती.

आठवडाभरात देल्मासांचा फोन आला. आवाज बसलेला.

"अजून उघडतायत."

"काय?"

"झडपा. रिकाम्या घराच्या. रोज सकाळी."

भाचीला वाटलं वाऱ्याने होतंय. तिने सुतार बोलावून बाहेरून पट्ट्या ठोकून घेतल्या. त्यानंतर तर देल्मासांचा फोन रोज यायला लागला. शेवटी एकदा ते रडले. सत्तरीचा माणूस फोनवर रडतोय, काय बोलणार तुम्ही?

"लुसियँ आत धडपडतोय गं. उघडेनात त्याला. मला नाही ऐकवत. तू ये. तिचं प्रेम होतं तुझ्यावर, तुझं ऐकेल तो."

मी गेले. सकाळ होती, बर्फ भुरभुरत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहिले. आधी काहीच नाही.

मग आतून…

करर्र…

अडसर उचलला गेला. झडप पट्टीवर आदळली. थांबली. पुन्हा आदळली. पुन्हा.

टिक वाजलंच नाही.

देल्मास मागे उभे होते, टोपी हातात. मला फ्रेंच सुचेना. एक शब्द सुचेना. मी त्या ओल्या लाकडावर हात ठेवला आणि सरळ मराठीत बोलले.

"काका, त्या गेल्या हो. आता इथं कुणी उठायचं नाही. अंधार असला तरी चालतो त्यांना. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत. आता राहू दे."

झडप हातापाशी थरथरली…

मग हळूच मागे गेली. अडसर खाली बसल्याचा आवाज आला. अगदी सावकाश, कुणाची झोप मोडू नये तसा.

त्यानंतर त्या घरातून पुन्हा आवाज आला नाही. देल्मास म्हणाले, "काय सांगितलंस त्याला?" मी म्हटलं, "खरं ते सांगितलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इथली माणसं असं करत नाहीत.

गोष्ट इथेच संपली असती तर मी लिहिलीच नसती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडच्या माझ्या खोलीत मला जाग आली. तोंडावर ऊन होतं.

मी झडपा लावून झोपले होते…

दोन्ही उघड्या. भिंतीतल्या बाहुल्या नीट वर केलेल्या.

उशाशी वाडगा. काळी, कडू कॉफी.

याला आता बरीच वर्षं झाली. देल्मास गेले. मी शिकले, इथेच चीजच्या कारखान्यात लागले, एकटीच राहते. घरं बदलली. काही उपयोग झाला नाही. रोज नाही होत, मधूनच होतं. आई म्हणते, परत ये, लग्न कर, डोक्यातलं जाईल सगळं. आईला मी रोज फोन करून तिचा आवाज ऐकते. नुसत्या शुभ सकाळच्या फुलांच्या मेसेजवर माझा विश्वास बसत नाही आता.

कॉफी मी कधी घेतली नाही. आली की मोरीत ओतायची आणि हळूच म्हणायची, काका, मी चहा पिते.

या हिवाळ्यात अंगणात बर्फावर घसरले. पाय मुरगळला. पलंगावर पडून होते. सकाळी डोळे उघडले, उजेड होता, आणि वाडग्यातून वाफ येत होती.

वास वेगळा होता…

चहा होता. दूध घातलेला.

मी तो दोन्ही हातांनी धरला आणि ढसाढसा रडले. इतक्या वर्षांनी तो माणूस तिसरं काम शिकला होता.

आणि मग मला अशी भीती वाटली, जशी त्या स्वयंपाकघरातही वाटली नव्हती.

त्याच दिवशी लंगडत शेजारच्या सोलांजकडे गेले. तिला एक किल्ली दिली. म्हटलं, "रोज सकाळी माझं दार वाजव. माझ्या झडपांकडे बघू नकोस."

ती हसली. "अगं, झडपा उघड्या दिसल्या तरी?"

"उघड्या दिसल्या तर आधी वाजव."